जुलै महिन्यात ‘आजचे’ पापलेट येते कोठून?

माहीमकर (प्रश्न):
गेल्या रविवारी घरी पाहुणे येणार होते, म्हणून मोबाइलवरून मासळी घरपोच देणाऱ्या एका दुकानाकडून मी अर्धा किलो पापलेट मागवले. पाकिटावर ‘आजची ताजी मासळी’ असे छापलेले होते. आत मात्र तळहातावर मावतील अशी सहा पापलेटे निघाली आणि कल्ल्याजवळ दाबून पाहिल्यावर पांढऱ्या द्रवाऐवजी लालसर पाणी आले. आपल्या राज्यात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, एवढे मला ठाऊक आहे. मग ऐन जुलैत ‘आजची’ मासळी आली कोठून, हे विचारायला फोन केला, तेव्हा ‘सर, वेअरहाऊसमधून’ एवढेच उत्तर मिळाले. ही मासळी खरोखर कोठून येते आणि इतकी लहान पापलेटे विकत घेऊन आपणच पापलेटाच्या मुळावर उठतो आहोत का, हे जाणकारांनी सांगावे.

वेसावकर:
आमचे घर वेसाव्याचे (मुंबईतल्या वर्सोव्याचे) आणि आजोबांपासून नौकेचा व्यवसाय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिलला सुरू होऊन 14 जूनला संपते. म्हणजे आमच्या नौका ताडपत्रीखाली उभ्या असतात तेव्हा तिकडच्या नौका समुद्रात असतात आणि त्यांची मासळी बर्फात घालून ट्रकने मुंबईपर्यंत येते. दुसरी वाट शीतगृहाची. बंदीपूर्वी गोठवून ठेवलेला माल जून-जुलैत बाहेर निघतो आणि आपले पापलेट बहुधा याच वाटेने आले असावे. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी लागू नसल्यामुळे खाडीतली आणि किनाऱ्यालगतची थोडी मासळी खरोखर ताजी मिळते, पण तिच्यात पापलेटाची आशा धरू नये. उरलेला बराच माल तळ्यांतला असतो: रोहू, कटला आणि व्हनामी कोळंबी. ही कोळंबी मूळची अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची असून भारतात तिच्या संवर्धनाला 2009 मध्ये परवानगी मिळाली आणि आज तिचे सर्वाधिक उत्पादन आंध्र प्रदेशात होते. हॉटेलात ‘फिश फिले’ म्हणून जो पांढरा, वास नसलेला तुकडा ताटात येतो, तो पुष्कळदा बासा नावाचा गोड्या पाण्यातला मासा असतो. त्या माशाने समुद्र पाहिलेलाच नसतो.

एक सूचना करतो. ‘ताजी आहे का?’ असे कोणत्याही कोळणीला विचारू नये, कारण त्याचे उत्तर एकच असते. ‘मावशी, कुठल्या बंदराची?’ आणि ‘बर्फात किती दिवस होती?’ असे विचारावे. माल ससून डॉकचा की भाऊच्या धक्क्याचा, गुजरातचा की सातपाटीचा, हे तिला पहाटे घेतानाच कळलेले असते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ती सहसा खोटे सांगत नाही.

किनारा (मत्स्यविज्ञानाचा निवृत्त शिक्षक):
आकाराबद्दल लिहितो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटाला राज्य मासा म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी 54 जातींसाठी पकडण्याचा किमान कायदेशीर आकार ठरवून दिला. पापलेटासाठी तो 135 मिलिमीटर आणि बोंबिलासाठी 180 मिलिमीटर आहे. घरातल्या मुलांच्या कंपासपेटीत 15 सेंटीमीटरची पट्टी असते, तिच्यावर साडेतेराची खूण सहज सापडते. मात्र एवढ्या लांबीचा मासा प्रौढ झालाच, असे या आकड्यावरून मानू नये. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडला, की त्याच्याबरोबर त्याची पुढची पिढीही जाळ्यात गेली, आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर समुद्रात कितीही नौका धाडल्या तरी हाती येणारे पापलेट लहानच होत जाते. म्हणून मी स्वतः सहाऐवजी दोन मोठी घेतो.

आता एक कटू गोष्ट, वेसावकरांनी राग मानू नये. सारा दोष ट्रॉलरच्या, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौकांच्या, माथी मारून आपण मोकळे होतो, पण बोंबील आणि जवळ्यासाठी (अगदी बारीक कोळंबीसाठी) लावलेल्या आपल्या पारंपरिक डोल जाळ्यांतही पापलेटाची पिल्ले येतात.

दादरचा खवय्या:
हे सारे वाचून मला थोडी चीड आली. बेकायदा काम समुद्रात होते आणि पट्टी घेऊन बाजारात आम्ही उभे राहायचे? माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरीही त्याविषयीच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. शिवाय तळ्यातली कोळंबी घ्यावी म्हटले, तर तिच्या खाद्यात पुन्हा समुद्रातल्या लहान मासळीचीच भुकटी असते. मग गिऱ्हाइकाने खावे तरी काय?

वेसावकर:
राग नाही. डोल जाळ्यात पिल्ले येतात हे खरेच आहे आणि आमचे वडीलधारे ते मान्यही करतात. परंतु भरतीच्या ओढीत खुंटांना बांधलेले जाळे मासा निवडू शकत नाही आणि आस (जाळ्याची भोके) मोठी करावी, तर जवळा निसटून जातो. खवय्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की पापलेट, सुरमई आणि कोळंबी या तिघींवरच मुंबई तुटून पडते म्हणून हा ताण आहे. मांदेली, मुडदुशी, वाकटी, तारली आमच्या घरी आवडीने खातात, पण शहरातल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत ती क्वचितच जाते. बंदी मोडणाऱ्याला दंड व्हायलाच हवा, पण मोठ्या हॉटेलांत ताटात मावेल असेच पापलेट मागितले जाते तोवर कोणीतरी ते आणून देणारच.

माहीमकर:
सर्वांचे आभार. नारळी पौर्णिमेनंतर नौकांचा माल यायला लागला, तेव्हा मुलीची पट्टी खिशात घालून माहीमच्या बाजारात गेलो. ओळखीच्या मावशींनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘शाळा भरली काय रे इथं?’ मग स्वतःच पट्टी घेऊन पाटीतली चार पापलेटे एकापाठोपाठ एक मोजून दाखवली. तीन सोळाच्या पुढे होती. चौथे साडेबाराचे निघाले, ते त्यांनी काही न बोलता पाटीच्या तळाशी सरकवले. मी तीन घेतली, आणि वर मांदेलीचा एक वाटा.