फौजदारी न्यायावर पीएचडी करावी की सरळ कोर्टात उभं राहावं?

सायनकर_मुलगी: एलएलएम झालंय, दोन वर्षं एका सिनियरकडे ज्युनियर आहे. विषय डोक्यात आहे: खटला संपायच्या आधीच वर्षानुवर्षं आत राहणारे कच्चे कैदी. घरचे म्हणतात सनद आहे, वकिली कर. तुमचं काय मत?

किल्ला_कोर्टवाला: घरचे बरोबर आहेत. जामिनाची ऑर्डर दुपारी होते आणि माणूस आतच राहतो, कारण जामीनदार नाही. असलाच तर त्याचं रेशनकार्ड गावचं, पगाराची स्लिप नाही, सॉल्व्हन्सीला, म्हणजे ऐपतीच्या दाखल्याला, तहसीलदाराकडे खेपा. हे आमच्या कारकुनालाही पाठ आहे. त्यासाठी तीनशे पानांचा प्रबंध कशाला? आणि प्राध्यापकी हवी असेल तर जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरते, पीएचडी लागत नाही.

देवनारचा_पोऱ्या: वकीलसाहेब, तुमच्या कारकुनाला पाठ आहे, ते धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत कोण नेणार? फौजदारी प्रक्रियेच्या नवीन कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४७९ घ्या. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बाँडवर सोडायचं, आणि कोर्टात लेखी अर्ज करायचा तुरुंग अधीक्षकाने. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले वगळून. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे जुन्या केसेसनाही लागू केलं. आता आर्थर रोड, भायखळा, ठाणे इथून असे किती अर्ज गेले, किती दिवसांनी निकाल लागला, हे बसून मोजायचं कोणी? टिस या समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय, म्हणजे इथे जमीन तयार आहे.

किल्ला_कोर्टवाला: मोजायला तुरुंगात शिरायची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत गाईड रिटायर होतो.

देवनारचा_पोऱ्या: मग तुरुंग सोडा, रोजनामे, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदी वाचा. ई-कोर्ट्सच्या सरकारी वेबसाइटवर तारखा, ऑर्डर दिसतात. अर्धवट असतात, मान्य.

व्यवहारी_मावशी: तुम्ही दोघं भांडा, मी पोरीला पैशांचं सांगते. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप काढ, नाहीतर विचारच करू नकोस. महिन्याला ३७,००० आणि घरभाडं भत्ता, दोन वर्षांनी ४२,०००. वयाची अट ३०, बायकांना पाच वर्षं सवलत. सायनला आईवडिलांकडे राहून जमेल, अंधेरीत भाड्याने राहून नाही.

सायनकर_मुलगी: घरचंच आहे मावशी, भाडं नाही. वकीलसाहेब, सॉल्व्हन्सीसाठी अडकलेल्यांच्या ऑर्डरी तुमच्या ऑफिसात असतीलच ना? नावं झाकून दाखवाल?

किल्ला_कोर्टवाला: शनिवारी ये. पण कारकुनाशी नीट बोल, फायली त्याच्या ताब्यात.