मदत हवी आहे: गाडी रिकामी करायला लागलेली रांग लॉगबुकात ड्यूटी धरायची की विश्रांती?

नमस्कार. आमच्या 6 गाड्या आहेत, भिवंडी-इंदूर लाइन, धुळे-सेंधवा मार्गे. गाडीवर एकच ड्रायव्हर. दुसरा ठेवणं सध्या परवडत नाही.

1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातलं (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) माप धरून चालायचा प्रयत्न आहे: दिवसाला 8 तास, सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास थांबा. रस्त्यावर हे बसतं. घोळ होतो गोदामाच्या दारात. गेल्या आठवड्यात एक ड्रायव्हर पहाटे 4 ला पोचला, नंबर लागला 11 ला. जीपीएस सांगतो सात तास गाडी उभी. प्रत्यक्षात दर वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी पुढे घ्यावी लागली, डोळ्याला डोळा नाही. रिकामी झाल्यावर लगेच परतीचा माल. कागदावर तो ताजातवाना! मी त्याला निघू दिलं नाही, पण पार्टीला दाखवायला हातात काही नव्हतं.

करून पाहिलेलं: छापील रजिस्टर दिलं, तर ट्रिप संपल्यावर एकाच पेनाने सगळ्या वेळा भरून येतात. मीटरचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवले, चार दिवस आले. बहुतेकांना लिहायचा कंटाळा, त्यामुळे महागडं अॅप नको.

त्या जुन्या कायद्यात 15 मिनिटांपेक्षा कमी नुसती हजेरी (काम न करता थांबून राहणं) कामात धरली होती, त्यापुढचं मला स्पष्ट होत नाही. मधूनमधून सरकणारी रांग तुम्ही कोणत्या रकान्यात लिहिता, आणि ड्रायव्हर जागच्या जागी भरेल असा नमुना कुणाकडे आहे का?