'फेवरिटिझम'ला मराठीत काय म्हणाल? (वशिला नको, चमचेगिरी नको)

धरमपेठची_अनुवादिका

एका दिवाळी अंकाचं काम करतेय. नागपुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर स्टार्टअपमधून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी आपापले अनुभव इंग्रजीत लिहून दिलेत, ते मराठीत आणायचेत. कंपनीचं नाव छापायचं नाही असं ठरलंय, तेव्हा इथेही कृपया अंदाज बांधत बसू नका. सगळ्यांच्या लिखाणात दोन शब्द सारखे येतात, 'फेवरिटिझम' आणि 'टॉक्सिक कल्चर'. पहिल्यापाशीच गाडी अडली आहे.

मी 'वशिलेबाजी' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'चमचेगिरी' केलं. मला दोन्ही पटत नाहीत. वशिला लावतो खालचा माणूस. चमचेगिरी करतो तोही खालचाच. लांगूलचालन, हांजी हांजी, मस्का, सगळं खालून वर जातं. इथे ज्या मुलावर सगळ्यांचा राग आहे त्याने असलं काही केलेलंच नाही. तो संस्थापकाच्या होस्टेलमधला, एवढाच त्याचा गुण. ऑफिसात नव्या खुर्च्या आल्या तेव्हा मानेला टेकू असलेल्या खुर्च्या त्याला आणि होस्टेलच्याच इतरांना मिळाल्या. बाकीचे मंगल कार्यालयात असतात तसल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर घरून आणलेली उशी ठेवून बसायचे. याने आपली खुर्ची टीममधल्या एका गरोदर मुलीकडे सरकवली, तर संस्थापक सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्याची खुर्ची त्यानेच बसायचं." अशा मुलाला चमचा कसं म्हणू? देणाऱ्यावर ठपका ठेवणारा शब्द हवाय.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, काहून एवढं डोकं खपवून राहिल्या? 'सेटिंग' लिहा ना. अख्ख्या नागपूरले समजते. माह्या हापिसात साहेबाचं लाडाचं पोट्टं साडेअकराले येते, तर्री पोहे खाऊन, आरामात. अन मी धा मिनिटं लेट झालो तं सगळ्या टीमले मेल.

धरमपेठची_अनुवादिका

सेटिंगला दोन्ही बाजूंची संमती लागते ना भाऊ. इथे एकच बाजू आहे.

पेठेतला_पाहुणा

'पक्षपात' हा स्वच्छ, निर्दोष शब्द असताना ही शोधाशोध कशाला? शिवाय पक्षपात करणारा नेहमी वरचाच असतो, म्हणजे तुमची अटही पूर्ण होते. आणि 'स्टार्टअप'ऐवजी 'नवउद्यम', 'टॉक्सिक'ऐवजी 'विषाक्त' लिहावे ही विनंती. मराठीत शब्द नाहीत असे नाही, वापरायची लाज वाटते.

वऱ्हाडी_ठेचा

नवउद्यम म्हटल्यानं पगार टायमावर होते का?

धरमपेठची_अनुवादिका

पक्षपात अर्थाने बरोबर आहे, तुमचं म्हणणं मान्य. पण तो इतका वापरून झालाय की कानाला काही लागतच नाही. हिवाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरून ओरडायचा शब्द वाटतो. चोवीस वर्षांची मुलगी आपल्या रूममेटला "माझ्याशी पक्षपात झाला" असं सांगेल का?

निवृत्त_मास्तर

बाई, आपल्याला हवा तो शब्द मराठीत आहे. पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीला बसलेल्यांपैकी एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याला नुसतं वरण, त्याला पंक्तिप्रपंच म्हणत. यात दोष पूर्णपणे वाढणाऱ्याचा. जेवणाऱ्याने मागितलं की नाही हा प्रश्नच नाही. आमची आई सणाच्या दिवशी वाढायला उठली की आजी मागून बजावायची, "पंक्तिप्रपंच करू नकोस गं." आपल्या लेकाच्या पानात जास्त पडणार हे आजीला ठाऊक असे. मी सदोतीस वर्षं शाळेत शिकवलं. मुख्याध्यापक तासिकांचं वेळापत्रक लावायचे तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हाच शब्द ऐकू येई. शेवटची तासिका कोणाला, शनिवारचा वर्ग कोणाला, यावरून.

धरमपेठची_अनुवादिका

मास्तर, काय शब्द दिलात! खुर्च्यांच्या प्रसंगाला तर चपखल बसतो.

इंदोरा_चौक

चपखल बसतो, मान्य. पण पंगतीत बसवलंय त्यांच्यासाठी. माझ्या आजोबांना पंगतीत घेतच नव्हते. गावच्या लग्नात ते लांब उकिरड्याच्या बाजूला आपलं ताट घेऊन बसायचे आणि सगळ्यांचं आटोपल्यावर उरलेलं मिळायचं. तूप कमी पडलं ही तक्रार करायलाही आधी पान मांडलेलं लागतं. १९५६ साली दीक्षाभूमीवर गेल्यानंतर आमच्या घरात कोणी असल्या जेवणाला गेलं नाही. तेव्हा हा शब्द 'आपल्या सगळ्यांचा' म्हणून वापरताना जरा थांबा. ताई, तुमच्या त्या मुलामुलींपैकी सगळ्यांना पान मांडलं होतं का, एवढं एकदा बघा.

पेठेतला_पाहुणा

प्रत्येक शब्दात जात शोधायचीच का? शब्द आज कसा वापरला जातो ते महत्त्वाचे.

इंदोरा_चौक

वर 'नवउद्यम'च्या वेळी तर 'आज कसा वापरतात' हा मुद्दा नव्हता तुमचा.

निवृत्त_मास्तर

इंदोरा चौक यांचं म्हणणं खरं आहे. शब्द ज्या घरात तयार झाला त्या घराचा दरवाजा सर्वांना उघडा नव्हता. मात्र तो मुळातच वाढणाऱ्याला सुनावण्यासाठी आहे हेही विसरू नये.

धरमपेठची_अनुवादिका

थांबून पुन्हा वाचलं. इंदोरा चौक, तुम्ही म्हणता ते त्या लिखाणात आहे. शुक्रवारी रात्री संस्थापक आणि होस्टेलवाले सावजीला जायचे. कोणता क्लायंट कोणाकडे, कोणाला लीड करायचं, सगळं तिथे रस्सा ओरपताना ठरायचं आणि सोमवारच्या स्टँडअप मीटिंगमध्ये नुसतं जाहीर व्हायचं. एक मुलगी लिहिते, तिला कधी बोलावलंच नाही. ती शाकाहारी म्हणून नाही, बोलवायचं सुचलंच नाही म्हणून. तिला कळायचं ते इन्स्टाग्रामवरच्या फोटोंतून. आता हा पंक्तिप्रपंच नाही. पंगतच वेगळी.

बेंचवरचा

त्याला 'कंपू' म्हणतात. कंपूशाही लिहा, विषय संपला. मीही अशाच एका ठिकाणी होतो (तुमची ती नव्हे, दुसरी, पण सगळीकडे तेच). आम्हाला रुजू होताना सांगितलं होतं की पगार कमी आहे पण शेअर मिळतील. ते शेअरचे पर्याय हातात यायला कायद्यानेच किमान एक वर्ष जावं लागतं. आमच्याकडे माणूस बरोब्बर दहाव्या-अकराव्या महिन्यात कामात कच्चा ठरायचा. कंपूतला कोणीही कधी कच्चा ठरला नाही. एकाने चालू सिस्टीमवरचा डेटाबेस उडवला, त्याला 'रिस्क घेतो' म्हणून शाबासकी. त्याच आठवड्यात मी वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन दिवस सुट्टी मागितली तर "या स्टेजला कमिटमेंट दिसत नाही". तोवर आम्ही 'एक कुटुंब' होतो.

मोल्सवर्थप्रेमी

कंपू हा शब्द मूळचा फौजेचा. महादजी शिंद्यांनी डी बॉइनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या त्यांना कंपू म्हणत. युरोपियांकडून आलेला, 'कॅम्प'च्या कुळातला. पोर्तुगीज की इंग्रज यावर वाद घालता येईल. गंमत म्हणजे तेव्हा कंपू म्हणजे शिस्त, आणि आता कंपू म्हणजे शिस्तीला सुट्टी.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे कामठी बी तेच! कॅम्प टी. इंग्रजांनी कॅम्पांले ए, बी, सी अशी नावं देल्ली, आपल्या वाट्याले टी आला. कॅम्पटीची कामठी झाली.

मोल्सवर्थप्रेमी

ही लोणकढी कामठीतल्या प्रत्येक रिक्षावाल्याला पाठ आहे. छावणी १८२१ ची. पण कामठी, कामठा या नावांची गावं इतरत्रही आहेत, तिथे कुठला कॅम्प होता? कामठा म्हणजे बांबूचं धनुष्य, कामटी म्हणजे बांबूची चिपाटी. इंग्रजांनीच आपल्या कामठीचं स्पेलिंग कॅम्पसारखं करून ठेवलं आणि मग उलटी व्युत्पत्ती जन्मली.

वऱ्हाडी_ठेचा

माह्या आजोबानं सांगतलं होतं. ते कामठीले नोकरीत होते. तुम्ही होते का तवा?

मोल्सवर्थप्रेमी

१८२१ साली तुमचे आजोबाही नसावेत.

निवृत्त_मास्तर

धनुष्यावरून आठवलं. 'टॉक्सिक'चं मूळ ग्रीक 'टॉक्सॉन', म्हणजे धनुष्य. बाणाला लावायचं विष ते टॉक्सिकॉन. म्हणजे मोल्सवर्थप्रेमींचं ऐकायचं तर टॉक्सिक आणि कामठी एकाच भात्यातले निघाले.

बेंचवरचा

मास्तर 😄 आता रोज कामठी रोडने जाताना हेच आठवणार.

धरमपेठची_अनुवादिका

मंडळी, कामठीला जाऊन झालं असेल तर परत या. कंपूशाही त्या शुक्रवारच्या प्रकाराला चालेल. पण कंपू म्हटलं की सगळा कंपू दोषी होतो, आणि माझा खुर्चीवाला मुलगा पुन्हा त्यात सापडतो. 'मर्जी' कसा वाटतो? 'मर्जीचा कारभार'? मर्जी वरच्याची असते, ती कोणावरही बसते, खालच्याने काही केलं पाहिजे असं नाही.

मोल्सवर्थप्रेमी

उत्तम. आणि मर्जी गेली की काय होतं तेही भाषेत तयार आहे, खप्पा मर्जी. बेंचवरचा यांची झाली तशी. मर्जी अरबी, वशिला अरबी, हुजऱ्या ज्या हुजुरातला तो हुजूरही अरबी. कृपेचा सगळा शब्दसंग्रह दरबारातून आलेला आहे.

पेठेतला_पाहुणा

म्हणूनच शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करून घेतला. तीनशे-साडेतीनशे वर्षांनी आपण पुन्हा अरबीच्या दारात.

मोल्सवर्थप्रेमी

कोश झाला, तरी मर्जी राहिली की नाही? कोशकाराला हटवता येत नाही असा शब्द लोकांना लागत असला पाहिजे.

पेठेतला_पाहुणा

लोकांना सवय लागते, एवढेच. 'महापौर' पण रुजलाच ना? सावरकरांनी दिला तेव्हा हसणारे होतेच.

इंदोरा_चौक

मर्जी गोड वाटतो हो. जुन्या सरदाराच्या कादंबरीसारखा. ज्याची नोकरी गेली त्याने वाचला तर त्याला काय वाटेल?

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या घरी आई म्हणे, डावंउजवं करू नका पोरांत. पाहा बा, वापरता येत असन तं.

धरमपेठची_अनुवादिका

ठेचा भाऊ, हा तुम्ही आधी का नाही दिला! डावंउजवं करणं. करणारा वरचा, पंगत नको, दरबार नको, आईच्या तोंडचा शब्द. "सरांनी आमच्यात डावंउजवं केलं" असं ती मुलगी रूममेटला सहज सांगेल.

पेठेतला_पाहुणा

छापल्यावर वाचकाला कम्युनिस्ट आणि संघ आठवतील. त्यात नागपूरचा अंक. शिवाय 'डावं-उजवं ठरवणं' म्हणजे तुलना करणं, तो अर्थ वेगळा.

बेंचवरचा

हे मात्र खरं. आमच्या टीमलीडला डावंउजवं म्हटलं असतं तर तो ग्रुपवर राजकारण नको म्हणाला असता.

लग्नानंतर_नागपूर

उशिरा आले. 'टॉक्सिक कल्चर'कडे कोणी पाहिलंच नाही. 'विषारी संस्कृती' कृपया लिहू नका, शाळेच्या निबंधासारखं वाटतं. 'सासुरवास' लिहा. मी आयटी पार्कमध्ये काम केलंय आणि सासरीही नांदलेय, म्हणून अधिकाराने सांगते. रात्री एकला "जागी आहेस का" असा मेसेज, जेवायला बसलं की हाक, आजारी पडलं की "आम्ही नाही का केलं", आणि बाहेर सगळ्यांना सांगायचं की मुलीसारखं वागवतो. 'आपण एक कुटुंब' हे वाक्य तर दोन्हीकडे जसंच्या तसं.

निवृत्त_मास्तर

अप्रतिम. आणि 'जाच' हा त्याचा सख्खा भाऊ.

पेठेतला_पाहुणा

सासुरवास पुरुष कर्मचाऱ्याला कसा लावणार?

लग्नानंतर_नागपूर

लावून बघा. त्यांनाही कळेल.

धरमपेठची_अनुवादिका

संपादकांना आत्ता फोन केला. ते म्हणतात सासुरवास मथळ्यात घेऊ, पण 'फेवरिटिझम'ला चमचेगिरीच ठेवा, वाचक लगेच ओळखतो. मी म्हटलं ओळखतो, पण चुकीच्या माणसाला ओळखतो. उद्या पुन्हा बोलू म्हणाले. मजकूर सोमवारी छापखान्यात जातोय.

वऱ्हाडी_ठेचा

मोल्सवर्थ भाऊ, गुगलवर बी कॅम्प टी लिहून आहे. पाहून घ्या.

मोल्सवर्थप्रेमी

ते लिहिणाराही तुमच्याच आजोबांचा मित्र असेल.

बेंचवरचा

अनुवादिका ताई, जाता जाता एक. 'रिलीव्हिंग लेटर'ला काय म्हणता? माझ्या वेळच्या एकाला अजून मिळालेलं नाही, कामगार आयुक्तांकडे अर्ज करतोय, मराठीत लिहायचाय.

निवृत्त_मास्तर

सरकारी खात्यात 'कार्यमुक्त केले' असं लिहितात. कार्यमुक्ती पत्र म्हणा.

लग्नानंतर_नागपूर

सोडचिठ्ठी.

बेंचवरचा

तसं लिहिलं तर आयुक्त कुटुंब न्यायालयात पाठवतील.