पाठीचं ऑपरेशन, २२ किलोचा कुत्रा, एक बोका आणि घरात माणसं दोनच

मानेवाडा_मोती
नमस्कार मंडळी. १२ दिवसांनी माझं एल४-एल५ चं (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीचं) मायक्रोडिस्केक्टॉमीचं ऑपरेशन ठरलं आहे. घरात मी आणि आई, आईचं वय ७१. पहिला मजला, लिफ्ट नाही. गावठी कुत्रा आहे, ३ वर्षांचा, २२ किलो, दोरी ओढतो. बोका ४ किलोचा, नसबंदी झालेला. सहा आठवडे वाकायचं नाही, अंग पिळायचं नाही, २ किलोच्या वर उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. कुत्र्याचं फिरणं, दोघांचं खाणं-पाणी, बोक्याचा लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे), त्यात नागपूरचा उन्हाळा म्हणजे कूलर. हे सगळं कसं बसवायचं? कुत्र्याला बाहेर कुठे ठेवायचं नाही. आतापासून काय करून ठेवू?

कंबर_सांभाळा (फिजिओथेरपिस्ट)
दादा, आधी या नियमांमागचं कारण बघा. नसेवर दाबणारा चकतीचा तुकडा ऑपरेशनमध्ये काढतात, पण तो ज्या फटीतून बाहेर आला ती फट लगेच बुजत नाही. कंबरेतून वाकून, त्यातच अंग पिळून वजन उचललं की आतला मऊ भाग पुन्हा त्याच वाटेनं बाहेर येऊ शकतो. म्हणून २ किलोची मुभा आहे ती कमरेएवढ्या उंचीवरच्या, अंगाशी धरलेल्या वस्तूला. जमिनीवरची पाव किलोची वाटी त्यात बसत नाही. घरात जनावर असलं की नेमकं हेच चुकतं. दहा किलोचं पोतं कुणी उचलत नाही, पाण्याच्या भांड्यासाठी मात्र सगळे सहज वाकतात.

पलंगावरून उठायची पद्धत आजपासूनच रोज करून बघा, दुखत असताना ती शिकणं जड जातं. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या, मग पाय पलंगाखाली सोडता सोडता खालचं कोपर आणि वरचा पंजा गादीत रेटून बसते व्हा. जमिनीवर गादी टाकून झोपत असाल तर ते बंद. पलंग ४५-५० सेंमी उंच हवा.

आंघोळीची बादली स्टुलावर, आणि अगदी समोर. बाजूला ठेवलीत तर दर मगाला कंबर वळते. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. दुखण्याच्या गोळ्यांत ट्रामाडॉल असेल तर पोट घट्ट होतं आणि कुंथल्याने पाठीवर ताण येतो. पाणी भरपूर, आणि डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासून इसबगोल. एका बैठकीला २०-३० मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. सपाट जागी ५-१० मिनिटं, दिवसातून ४-५ वेळा चालणं हाच सुरुवातीचा व्यायाम, पण कुत्र्याशिवाय. जिन्यात कठडा धरा. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. त्या वेळी कुत्रा जिन्यात नको.

पायाचा पंजा उचलला न जाणं, पायातली ताकद जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वेळ होईपर्यंत थांबू नका, लगेच सर्जनला फोन करा.

दोरी_सैल (श्वान प्रशिक्षण)
भाऊ, दोरी सहा आठवडे तुमच्या हातात नको. आईच्याही नको. २२ किलोचा कुत्रा मांजर दिसल्यावर बाजूला झेपावला तर ७१ वर्षांचं माणूस पडतं, आणि त्या वयात खुबा मोडला तर घरात दोन रुग्ण. गल्लीतली दोन पोरं ठरवा. दोन अशासाठी की एकाची परीक्षा किंवा ताप निघाला तर दुसरा हवा.

१२ दिवस पुरतात. पहिले तीन दिवस दोरी तुमच्याकडे, पोरगा सोबत. पुढचे चार दिवस दोरी त्याच्याकडे, तुम्ही मागे. मग तो एकटा. गळपट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस (अंगात घालायचा पट्टा) घ्या. पुढून अडकवलेली दोरी ताणली की कुत्र्याचं अंग बाजूला वळतं आणि ओढायचा जोर निघून जातो. पुढच्या पायामागे दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा, याहून सैल असेल तर मागे सरकून तो त्यातून निसटतो, आणि गल्लीतल्या कुत्र्यांसमोर निसटला तर मारामारीच. साधी दीड मीटरची सुती दोरी बरी, बटणवाली लांबणारी नको.

वेळ सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री साडेआठनंतर. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) डांबर रात्रीही लवकर निवत नाही. हाताची मागची बाजू ७ सेकंद रस्त्यावर टेकत नसेल तर कुत्र्याचे तळवे भाजणार.

दुसरं काम: ‘चटईवर जा’. खाऊ चटईवर टाका, तो तिथे बसला की आणखी एक टाका. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. मग तुम्ही खुर्चीतून उठण्याआधी हीच सूचना द्या, म्हणजे तुमचं उठणं आणि त्याचं चटईवर जाणं जुळतं. सगळ्यात धोक्याची घडी दवाखान्यातून परत येता तेव्हाची. कुत्रा दोन-तीन दिवसांचा आसुसलेला असतो, सरळ छातीवर उडी घेतो. आधी पोराने त्याला अर्धा तास दमवून आणायचं. तोवर तुम्ही हात असलेल्या खुर्चीत बसलेले असा, आणि तो दोरीवरच तुमच्यापर्यंत येऊ दे.

संत्रा_बर्फी
खाण्यासाठी पाइप. २ इंची पीव्हीसी, साडेतीन फूट लांब, खालचं टोक तिरपं कापून पॉलिश पेपरने घासलेलं. वर ३ बाय २ इंची रिड्यूसर बसवला की तेच नरसाळं. उभ्याने वाटीभर कोरडं खाणं ओतायचं, खाली भांड्यात पडतं. वर बाटली कापून उलटी लावू नका, तिच्या मानेत दाणे अडकतात. पाइप आतून ओला राहिला की दाणे चिकटून बुरशी धरते, म्हणून पाणी त्यातून कधीच नाही. दहीभात, पोळीचा काला असलं काही देत असाल तर ते भांडं आईनेच ठेवायचं. मोठं पोतं तळाला ठेवू नका, अर्ध्या-अर्ध्या किलोचे डबे भरून ओट्यावर मांडा.

पाण्याला मातीचं जड कुंडं घ्या. लवंडत नाही, पाणी गार राहतं. २२ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आईने एक लिटरचा जग तीन-चारदा ओतावा. कुंडं भिंतीशी, खाली बारदाना. फरशीवर सांडलेलं पाणी तुमच्यासाठी दोरीइतकंच वाईट.

कूलर: ६० लिटरची टाकी म्हणजे ६० किलो पाणी, बादल्यांनी भरणं विसरा. प्लंबरकडून अर्ध्या इंची नळी आणि फ्लोट वॉल्व बसवून घ्या, टाकी आपोआप भरते. टाकी धुणं-पुसणं आणि पंपाचा कचरा काढणं दुसऱ्या कुणाकडे द्या, त्याला वाकावंच लागतं.

औषध_नीट (पशुवैद्यक)
तुमच्या गोळ्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पॅरासिटामॉलची ५०० मिग्रॅची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच अपुरी असते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडं जातात. पडलेली गोळी उचलायला तुम्ही वाकू शकत नाही, आणि कुत्रा तुमच्याआधी पोचतो. म्हणून दोघांना बाहेर काढून दार लावा, टेबलावर काठाचं ताट ठेवा आणि पाकिटातून गोळी त्या ताटात काढा. पाठीला लावलेला डायक्लोफेनॅक जेल बोक्याने चाटला तरी तोच धोका. गोळी खाल्ल्याची शंका आली तर पाकीट घेऊन लगेच जवळच्या पशुवैद्याकडे, किंवा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. उलटी करवायचे घरगुती उपाय करू नका.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी रेबीजची लस, जंताचं औषध आणि नखं उरकून घ्या. गोचिडांसाठी फ्लुरालानरची गोळी जेवणासोबत दिली की १२ आठवडे आंघोळ-पावडरची कटकट नाही. २० ते ४० किलोसाठी १००० मिग्रॅची येते. तुमचा कुत्रा अगदी सीमेवर आहे, आधी वजन करून घ्या. त्याला कधी फिट आली असेल तर आम्हाला सांगा, मग ही गोळी टाळतो.

बोक्याचा ट्रे ६०-७० सेंमीच्या भक्कम टेबलावर चढवा, बाजूला पायरीला प्लास्टिकचं स्टूल. एकदम नाही हं. आधी स्टुलावर ४ दिवस, मग टेबलावर, नाहीतर तो सोफ्यावर मुतणार. बेंटोनाइट (मातीचं लिटर) जड असतं, लाकडी गोळ्यांचं लिटर हलकं. पण तेही नवं असेल तर जुन्यात मिसळत आणा. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर एक दिवसही थांबू नका, घरातल्या गडबडीने त्याचा मार्ग बंद झालेला असू शकतो. पेटीसकट तो ५ किलोच्या वर जातो, तेव्हा न्यायला माणूस ठरलेला असू दे.

मानेवाडा_मोती
खूप आभार. दोन शंका. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची दोरी मिळते, हात मोकळे राहतात, ती चालेल का? आणि बोका रात्री माझ्या पलंगावरच झोपतो.

कंबर_सांभाळा
ती दोरी अजिबात नको. हातातली दोरी निदान सोडता येते, पट्ट्याचा झटका थेट ऑपरेशनच्या जागी बसतो.

औषध_नीट
टाके निघून जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण १०-१४ दिवस आणि डॉक्टरांनी जखम बघेपर्यंत, बोका आणि कुत्रा दोघेही पलंगावर नकोत. त्यांच्या लाळेतले जंतू उघड्या जखमेत वाईट. आजपासूनच रात्री दार लावायची सवय करा, बोका दोन-तीन रात्री ओरडेल. त्याच्या गळ्यात घुंगरू बांधा, अंधारात पायात आला तर कळेल. पट्टा ओढला की सुटणारा घ्या.

दोरी_सैल
आणि सहा आठवड्यांनंतर सर्जनने हो म्हटलं तरी पहिल्याच दिवशी रस्त्यावर जाऊ नका. पोराने दमवून आणलेला कुत्रा बंद फाटकाच्या आत ५ मिनिटं धरा, दोरी दोन्ही हातांत, पोटाशी, मनगटाला वेढा न देता. ओढलं की सोडून द्या. आठवडाभर एकदाही सोडावी लागली नाही, तर फाटकाबाहेर.