बॅच फाइलमध्ये पाइपमधून वाचायचा हट्ट सोडावा का?

रात्रपाळी: माझ्या मते सोडावा. (बॅच फाइल म्हणजे विंडोजच्या आज्ञांची फाइल, पाइप म्हणजे एका आज्ञेचं आउटपुट थेट दुसरीला देणं.) परवा 'इको पुणे', मग पाइप, मग 'सेट स्लॅश-पी गाव=' (आलेली ओळ 'गाव' या व्हेरिएबलमध्ये भर) असं एका ओळीत लिहिलं. पुढच्या ओळीत बघतो तर गाव रिकामं. एरर नाही, काही नाही. सीएमडी, म्हणजे बॅच चालवणारा विंडोजचा प्रोग्राम, पाइपच्या दोन्ही बाजूंना स्वतःची नवी प्रत उघडतो, आणि तिथे भरलेलं व्हेरिएबल त्या प्रतीबरोबरच जातं. हे कळायला अख्खी संध्याकाळ गेली. बॅचच्या जागी वापरता येणारं विंडोजचं पॉवरशेल २००६ पासून आहे, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला?

खटपट्या: खापर एकट्या बॅचवर का फोडता? लिनक्सच्या बॅशमध्ये 'इको पुणे' पाइप करून 'रीड गाव' करा, तिथेही गाव रिकामंच. बॅश ४.२ मध्ये लास्टपाइप (पाइपमधली शेवटची आज्ञा नव्या प्रतीत न चालवण्याचा पर्याय) आलं, तेही आपणच चालू करायचं. तुमची वाचायची जागा चुकली. यादी थेट बॅच फाइलकडे पाइप करा नि सेट स्लॅश-पी फाइलच्या आत लिहा, पहिली ओळ हातात येते. सगळ्या हव्यात तर फॉर स्लॅश-एफ (एकेक ओळ घेत फिरणारी आज्ञा) आणि आत फाइंडस्टर (ओळी शोधून देणारी).

रात्रपाळी: आणि तो फॉर काय काय गाळतो? कोऱ्या ओळी गायब. सेमीकोलनने सुरू होणारी ओळ गायब. डिलेड एक्स्पान्शन (उद्गारचिन्हांमध्ये लिहिलेल्या व्हेरिएबलची किंमत ऐनवेळी भरण्याची सोय) चालू राहिलं तर 'अर्जंट!.टीएक्सटी'मधलं उद्गारचिन्ह जातं, मग फाइल सापडत नाही म्हणून आपल्यालाच बोंब.

खटपट्या: फाइंडस्टरला स्लॅश-एन द्या. प्रत्येक ओळीपुढे आकडा नि कोलन चिकटतो, त्यामुळे कोरी ओळ कोरी राहत नाही. आकडा नंतर कापायचा. डिलेड एक्स्पान्शन ओळ उचलल्यावर चालू, फेरी संपायच्या आत बंद.

रात्रपाळी: म्हणजे आधी चिकटवा, मग खरवडा! पॉवरशेलमध्ये डॉलर-इनपुट (पाइपमधून आलेलं सगळं) लिहिलं की झालं.

माळ्यावरची: झालं कुठे? आमच्या ग्राहकाकडे पॉवरशेलच्या स्क्रिप्टना बंदी, बॅच मात्र चालते. शिवाय ७.४ च्या आधी पॉवरशेल एका एक्झी प्रोग्रामचे बाइट दुसऱ्या एक्झीकडे देताना मध्ये मजकूर समजून बदलायचा. मी झिप अशी पाठवली होती. उघडलीच नाही. तीच ओळ सीएमडीत टाकली, मुकाट चालली.

रात्रपाळी: झिपचं मान्य. पण खटपट्याराव, मूळ ओळच कोलनने सुरू होत असेल तर? फॉरच्या डेलिम्समध्ये (ओळ कुठे तोडायची ते चिन्ह) कोलन ठेवून कापलं की तोही जाणार.

खटपट्या: जातो. म्हणून डेलिम्सने कापायचं नाही, व्हेरिएबलमध्ये 'तारा कोलन बरोबर' (*:=) वापरायचं, फक्त पहिल्या कोलनपर्यंतचं उडतं. हे मला दोन वर्षांनी कळलं, तोवर काय काय गळलं देव जाणे.