‘डोनर’ गिअरबॉक्स: ‘दाता’ म्हणावं का?

विचारणा
मिशिगनमधल्या आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी शेजाऱ्याच्या 1972च्या शेव्हरले सी-10 ट्रकवर लेख लिहितोय. मूळचा एसएम465 गिअरबॉक्स काढून तो भंगारात निघालेल्या शेव्हेल कारचा मन्सी एम20 बसवतोय. ज्या गाडीतून भाग काढले तिला इथे ‘डोनर’ म्हणतात. मी ‘दाता गाडी’ लिहिलं, आणि न जुळणाऱ्या भागांना ‘विजोड’. बायको वाचून हसली. चुकलं काय?

प्रतिसाद
वहिनी बरोबर हसल्या. गिअरचा प्रत्येक दात म्हणजे ‘दाता’, अनेकवचन ‘दाते’. आता ‘दात्याचे दाते जुळेनात’ असं लिहायची पाळी येईल. (कोशवाले दाते आणि पंचांगवाले दाते आणखी वेगळे.) शिवाय दान स्वखुशीचं असतं. त्या शेव्हेलला कुणी विचारलं होतं?

प्रतिसाद
कोल्हापूरला वडिलांचं गॅरेज होतं. तिथे सरळ ‘दुसऱ्या गाडीचा उतरवलेला’ म्हणायचे. इंजिन उतरवतात, गिअरबॉक्स उतरवतात. गाडीला वेगळं नाव नव्हतंच. फार तर ‘स्पेअरसाठी ठेवलेली’.

विचारणारा
‘उतरवलेला’ घेतला. आता ‘विजोड’. गंमत म्हणजे दोन्ही गिअरबॉक्स जीएमच्या इंडियानातल्या मन्सी गावच्या कारखान्याचे. एका गावचे असून सोयरीक जमेना! शाफ्टची जाडी दोन्हीकडे सारखीच, नऊ सूत. पण ट्रकच्या क्लच प्लेटला 10 खाचा आणि शेव्हेलच्या शाफ्टला 26. बेलहाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लचवरचं घंटेसारखं कवच) चारही बोल्ट मात्र लोण्यासारखे गेले.

प्रतिसाद
सोयरिकीवरून आलात म्हणजे ‘विजोड’ लागू पडतो, पण तो जोडप्यालाच शोभतो. मी आयुष्यभर लेथवर काढलं. आमच्याकडे दोन क्रियापदांत सगळं भागतं: बसणे आणि जुळणे. तुमचा गिअरबॉक्स बसलाय, जुळलेला नाही.

खाचांचं सोपं आहे. 1970 पर्यंतच्या बहुतेक मन्सीला 10, पुढच्यांना 26. तेव्हा 26 खाचांची प्लेट आणायची, प्रेशर प्लेट तीच चालते. खरी मेख बेलहाउसिंगच्या मधल्या भोकात. ट्रकचं भोक 5.125 इंच आणि कारच्या गिअरबॉक्सचा रिटेनर (त्या भोकात बसणारी, बेअरिंगवरची गोल झाकणी) 4.686. चहूबाजूंनी पावणेदोन सूत मोकळं. बोल्ट आवळतात, सेंटर धरत नाहीत. सेंटर धरायचं काम त्या भोकाचं. तसाच चालवला तर शाफ्ट वाकडा ओढला जातो, पायलट बुश (शाफ्टचं टोक इंजिनकडे ज्यात फिरतं ते) खाल्लं जातं आणि गिअर आपोआप सुटायला लागतो. म्हणून मध्ये रिंग घालतात. रिंग घातल्यावरही डायल (काट्याचं मोजायचं यंत्र) लावून बघायचं. एका फेरीत काटा पाच थाऊच्या आत फिरला पाहिजे. जास्त फिरला तर मध्य एका बाजूला सरकलेले डॉवेल (बेलहाउसिंगची जागा धरणाऱ्या खुंट्या) मिळतात, 7, 14 आणि 21 थाऊचे. भोक एका बाजूला सरकवायला.

तेव्हा ‘विजोड भाग’ नको. ‘बसतात पण जुळत नाहीत’ असं अख्खं लिहा. लांब होईल, होऊ दे.

प्रतिसाद
‘थाऊ’ काय आहे?

प्रतिसाद
इंचाचा हजारावा भाग, इंग्रजी थाउजंडवरून. आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा. नऊ सूत म्हणजे एक इंच एक सूत. सुतार अजून सुतातच बोलतो, फिटर थाऊत. स्मरणिकेत टीप द्या, नाहीतर सुताचा धागा समजतील.

विचारणारा
दिली टीप. आता वाक्य असं: ‘शेव्हेलचा उतरवलेला गिअरबॉक्स ट्रकमध्ये घातला, बोल्टांत बसला, सेंटरला जुळेना.’ चालेल?

प्रतिसाद
‘घातला’ नको. उतरवलेला असतो तो चढवतात. ‘ट्रकला चढवला’ करा, बाकी झकास.