मोठ्या धक्क्यातून सावरताना नेमकं काय कामी आलं? (अनुभव धागा)

आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराच्या कामात मी बरीच वर्षं आहे. 2014 मध्ये माळीण, 2021 मध्ये तळीये. दरड कोसळते त्या आठवड्यात ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. मग कॅमेरे जातात, मदतीचे ट्रक थांबतात, आणि साधारण त्याच सुमाराला माणसांना खरा त्रास सुरू होतो. झोप उडते, पत्र्यावर काही पडलं तरी छातीत धस्स होतं, आणि घरचे म्हणत असतात, 'आता झालं ना, किती दिवस तेच धरून बसणार?'

हा धागा त्या नंतरच्या काळाबद्दल आहे. भूकंप, पूर, अपघात, बाळंतपणातला घात, लहानपणी कुणी केलेला अत्याचार, कोविडमध्ये गेलेलं माणूस, कशाबद्दलही लिहा. घटना किती भयंकर होती याचं वर्णन नको. वाचणाऱ्यांतही जखमी माणसं आहेत. सावरताना काय उपयोगी पडलं, कशानं उलट त्रास वाढला, तेवढं सांगा. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका, आणि 'खंबीर हो' हे तर कुणालाच म्हणू नका. नावं, पत्ते टाळा.

आत्ता, या क्षणी कुणाला असह्य होत असेल तर आधी 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. धागा नंतरही इथंच आहे.

शिक्षिका, उमरगा तालुका

मी सुरुवात करते. 30 सप्टेंबर 1993 ला मी तिसरीत होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून आलेलो, सगळे गाढ झोपलेले. पहाटे 3.56 ला किल्लारीचा भूकंप. तेव्हा जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, ते लिहीत नाही. आमच्याकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ज्या घरानं उन्हाळ्यात गारवा दिला तेच अंगावर आलं.

मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. आधी पत्र्याचे शेड, मग नवं गाव. सरळ रस्ते, रांगेत घरं, सगळी पक्की. पण आमच्या गल्लीतली निम्मी माणसं कित्येक वर्षं त्या घरात झोपलीच नाहीत. पावसात ओसरीवर, थंडीत अंगणात शेकोटीपाशी. बाहेरगावचे पाहुणे म्हणायचे, 'सरकारनं एवढं चांगलं घर दिलं आणि हे लोक बाहेर.' आमच्या आजीला कुणी आत झोप म्हणून दटावलं नाही, हे फार बरं झालं. तिनं आधी बाज दारात ओढली, पुढच्या वर्षी उंबऱ्याच्या आत, मग हळूहळू भिंतीपर्यंत. घाबरलेल्या माणसाला त्याच्या चालीनं आत येऊ द्यायचं असतं हे मी तिच्याकडून शिकले. पुढं पुण्यात समुपदेशक बाईंनी माझ्याबरोबर जे केलं ते बरंचसं असंच होतं.

नव्या गावात एक गोष्ट मात्र हरवली. जुन्या गावात शेजारी कोण हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. इथं घरं वाटली गेली तशी माणसं पांगली. रडायला ज्या बाईच्या ओट्यावर जायचं ती चार गल्ल्या पलीकडं गेली. पुनर्वसन करणाऱ्यांनी हे वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे: शेजार फोडू नका. भिंती नंतर बांधता येतात.

माझ्या काकूची दोन्ही मुलं गेली. तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती. तेव्हा आमच्या भागात अशा बायकांची ती शस्त्रक्रिया डॉक्टरांनी उलटवून दिली. तिला पुन्हा मुलगी झाली. लोक म्हणाले, 'देवानं भरून दिलं.' काकूला ते वाक्य कधीच आवडलं नाही. ती तिघांचे वाढदिवस करते.

माझं स्वतःचं खूप उशिरा बाहेर आलं. मुलगा वसतिगृहावर गेला आणि मला रात्री तीन-साडेतीनला जाग यायला लागली, अंग घामानं भिजलेलं. मला वाटलं वयाचं काही असेल. रक्त तपासलं, हृदय तपासलं. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' गावाचं नाव सांगितलं आणि तिथंच रडायला लागले. उपचार वर्षभर चालले. आता जाग येते, पण मी उठते, दिवा लावते, पाणी पिते, परत झोपते.

निवृत्त मोटरमन, कल्याण

कधी कुठे लिहिलं नाही, पहिल्यांदाच लिहितोय.

मुंबईच्या लोकलखाली दरवर्षी शेकडो माणसं जातात. पेपरात त्यांचा आकडा येतो. पुढच्या डब्यात बसून ते समोर बघणारा एक माणूस असतो हे कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रेक पूर्ण मारला तरी गाडी जागेवर थांबत नाही. तुमचा हात ब्रेकवर, भोंगा वाजतोय, आणि तुम्हाला माहीत आहे की काही उपयोग नाही. तो माणूस वळून बघतो. ते डोळे.

पहिल्या रनओव्हरनंतर, म्हणजे माणूस गाडीखाली आल्यावर, मी गाडी पुढे नेली, उतरलो, घरी जाऊन जेवलो. बायकोला काही बोललो नाही. दुसऱ्यानंतर मला त्या ठिकाणाच्या अलीकडे दोन स्टेशनं हात थरथरायला लागले. तिसऱ्यानंतर दारू वाढली.

कामी आलं ते एक सीनियर. त्यानं मोटरमनच्या लॉबीत मला बाजूला घेतलं, चहा सांगितला, आणि स्वतःच्या पहिल्या माणसाबद्दल बोलला. माझं काही विचारलं नाही. एवढं म्हणाला, 'तू मारलं नाहीस. तू तिथं होतास.' हे वाक्य मला लोक हजारदा म्हणाले असते तरी पटलं नसतं. जो स्वतः त्या केबिनमध्ये बसलाय त्याच्या तोंडून पटलं. नंतर मानसोपचारतज्ज्ञ, दारू सोडण्याचा गट, सगळं झालं. पण दार उघडलं ते त्या चहानं.

रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, अग्निशमनवाले, शवागारात काम करणारे, स्मशानातले कर्मचारी. कोविडमध्ये या सगळ्यांनी काय काय पाहिलं असेल. यांना कुणी विचारत नाही. इथं कुणी असेल तर लिहा, मी वाचतोय.

नाशिक

बाळ पोटातच गेलं, नवव्या महिन्यात. दवाखान्यात मला इतर बाळंतिणींच्याच वॉर्डात ठेवलं होतं. घरी आल्यावर पाळणा, दुपटी, सगळं कुणीतरी आधीच हलवलेलं. चांगल्या मनानं केलं होतं त्यांनी, पण मला ते हवं होतं. माझ्या नणंदेनं लपवून ठेवलेलं एक टोपडं आणून दिलं. त्यानं मी जगले असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. घरच्यांनो, वस्तू हलवण्याआधी विचारा.

मानसोपचार विभागातली परिचारिका, ठाणे

वरचे अनुभव वाचून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. हा सल्ला नाही, माहिती आहे.

मोठ्या धक्क्यानंतर पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ते तसंच राहिलं, माणूस त्या जागा, ते आवाज, तो विषय टाळत राहिला, कामधंदा अडायला लागला, तर त्याला उपचार लागतात. शिक्षिकाताईंसारखं अनेक वर्षांनी वर येणंही आम्ही पुष्कळ बघतो.

पहिल्या महिन्यात लोक दोन गोष्टी हमखास करतात. एक, झोपेची गोळी. ओळखीच्या मेडिकलमधून आणून देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत धक्क्याच्या त्रासासाठी पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपिन गटातली औषधं (झोपेच्या आणि मन शांत करण्याच्या बऱ्याच गोळ्या याच गटातल्या) मोठ्यांनाही देऊ नयेत असं सांगितलंय, लहान मुलांना तर नाहीच. दुसरी गोष्ट, 'बोल, मोकळी हो' म्हणून लगेच सगळं वदवून घेणं. एकाच बैठकीत घटना उकरून काढण्याचा फायदा होत नाही. आधी सुरक्षित जागा, जेवण, आपली माणसं, आणि तो बोललाच तर ऐकणं.

नंतर बोलायचं असतं, पण त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसासमोर आणि बेताबेतानं. त्यासाठीच्या खास सीबीटीमध्ये (विचार आणि वागणं यांवर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धत) आठवणीला थोडं थोडं सामोरं नेतात. ईएमडीआर नावाची एक पद्धत आहे, फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 मध्ये सुरू केलेली. तिच्यात आठवण मनात धरून डोळ्यांची हालचाल करायला सांगतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण तिच्या बाजूनं चांगले पुरावे आहेत. काहींना औषधंही लागतात. लागली तर घ्यावीत, त्यात कमीपणा कसला?

सांगलीजवळचं गाव

आमचं 2019. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालापण पाठ असतंय. त्या वर्षी ते 57 च्या वर गेलं. आम्ही माळ्यावर, मग बोटीनं बाहेर. ब्रह्मनाळला बोट उलटली ती बातमी आम्ही छावणीत ऐकली.

माणसं वाचली आमची. पण गोठ्यातली चार जनावरं गेली. सासऱ्यांना दावी सोडायला वेळ मिळाला नाही. पाणी रात्रीत चढलं, काठीनं चाचपत ते गोठ्यापर्यंत गेले आणि मागं फिरले. तेव्हापासून ते दाव्याला हात लावत नाहीत. नवी म्हैस घेतली, तिला गोठ्यात मोकळीच ठेवतात. 2021 ला परत पाणी आलं तेव्हा पाऊस सुरू झाल्या झाल्या म्हशीला घेऊन पाहुण्यांकडं चालत गेले. मिरजेच्या पुढं. कुणाला सांगितलं नाही.

माझं म्हणाल तर जून लागला की मी फोनवर पाण्याची पातळी सारखी बघते. कोयनेतून किती सोडलं, पूल किती फुटांवर. आमच्या बायकांच्या गटानं एक ठरवलंय: पातळी बघायची ती सकाळी आणि संध्याकाळी, एकीनंच, आणि तिनं बाकीच्यांना कळवायची. त्याचा खरंच फरक पडला. आणि कागदपत्रं, औषधं, दोन कपडे भरलेली पिशवी मे महिन्यातच बांधून ठेवतो. लोक म्हणतात, भीती जपून ठेवलीय. मला तर ती पिशवी बांधली की झोप लागते.

सासऱ्यांचं काय करावं ते कळत नाही. जनावरासाठी एवढं दुःख करायचं असतंय का, असं गावात बोलतात. मी सल्ला मागते आहे.

मेलबर्न

आई मे 2021 मध्ये पुण्यात गेली. विमानं बंद होती. मी सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं, तेही नेट दोनदा तुटत. जवळजवळ दोन वर्षं मला ती गेली असं वाटतच नव्हतं. पुण्याला गेलो तेव्हा मामानं विचारलं, 'काय करू या?' आम्ही दोघं आळंदीला गेलो, इंद्रायणीकाठी बसलो, परत आलो. उशिरा का होईना, निरोप द्यायला जागा लागते. ज्यांना तेव्हा जाता आलं नाही त्यांनी अजूनही जावं.

नाव नाही

माझं लहानपणचं आहे. नात्यातलाच. अजून घरी सांगितलेलं नाही, सांगेन असंही नाही. मला बरं वाटलेलं नाही पूर्ण. पण तीन माणसांना माहीत आहे आता आणि तिघांनी पहिल्यांदा 'आमचा विश्वास आहे' असं म्हटलं. एवढंच.

धागाकर्ती

नाव न लिहिलेल्या तुमच्यासाठी: घरी सांगणं ही बरं होण्याची अट नाही. कुणाला, कधी, किती सांगायचं हे तुमच्याच हातात राहू दे. मी चौथी, माझाही विश्वास आहे.

शिक्षिका, उमरगा तालुका

सांगलीच्या ताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमच्याकडं जनावरांवर रडणारे पुष्कळ होते आणि त्यांनाही असंच बोललं गेलं. बैल घरातलाच असतो हो. गावाचं मनावर घेऊ नका. सासऱ्यांना आत्ता दावं हातात घ्यायला लावू नका. म्हैस मोकळी राहिली तर बिघडत काही नाही. पण ते पावसात कुणाला न सांगता निघून जातात त्याची मात्र काळजी घ्या, आणि सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते तिथं एकदा दाखवा.

निवृत्त मोटरमन, कल्याण

आणि त्यांच्याच वयाचा, ज्याचीही जनावरं गेली असा कुणी असेल तर त्याला घरी बोलवा. चहाला. विषय काढू नका.

सांगलीजवळचं गाव

आहेत तसे एक. नदीपलीकडचे, सासऱ्यांचे जुने जोडीदार, त्यांच्या तर सहा म्हशी गेल्या. पुरापासून दोघांची गाठच नाही. रविवारी नवऱ्याला त्यांना आणायला पाठवते. सिव्हिलचं म्हणाल तर सासरे गुडघा दाखवायला म्हणून लगेच तयार होतील, पण मी खोटं बोलून नेणार नाही. कशाला जायचंय ते सांगूनच विचारते.